वीस हजार मिलिमीटर

लेबलवर लिहिलंय वीस हजार मिलिमीटर.
म्हणजे कापडावर वीस मीटर उंच
पाण्याचा खांब उभा केला
तरी आतला माणूस कोरडा.

जालन्यात पडतो साडेसहाशे,
तोही साल बरं असलं तर.
लॅबच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला:
तीस वर्षं, आणि वर थोडं.
माझं वय एकतीस.
माझ्या डोक्यावर आजवर जेवढं आभाळ रिकामं झालं
ते सगळं एकावर एक रचून
या तळहाताएवढ्या कापडावर ठेवलं
तरी आत येणार नाही.
वाचून उगाच एकटं वाटलं.

कुरिअरनं दोन आलीत.
निळं तीनशे ग्रॅमचं, मुठीत मावतं.
नारिंगी पाचशे वीस, अग्निशमन दलाचं वाटावं असं.
न पटलेलं दहा दिवसांत परत.
आई म्हणाली, निळं घे, नारिंगी डोळ्यांत खुपतं.
म्हटलं, बर्फात दुरून दिसतं ते.
कुणाला दिसायचंय तुला तिथं?
शोधणाऱ्याला,
हे मी बोलले नाही.

दिवसभर मी बियाण्याचा ओलावा मोजते.
मक्यात बाराच्या वर गेला की लॉट बाजूला.
माणसाचा मोजायचं यंत्र
कंपनीनं अजून घेतलेलं नाही.

म्हणून रविवारी, मे महिन्यात, दुपारी तीनला
दोन्ही पाळीपाळीनं घालून
गच्चीचा जिना चाळीस वेळा चढले, उतरले.
समोरच्या सोनटक्केकाकू
हातातली ओली चादर तशीच धरून बघत राहिल्या.
निळ्यात दहाव्या फेरीलाच पाठीवरून ओहोळ.
नारिंगीला काखेत लांब चेनी आहेत,
उघडल्या की त्रेचाळीस डिग्रीचं वारंसुद्धा
पाहुण्यासारखं आत येऊन टेकतं.

मग मोंढ्यात, खलीलमामूंकडं.
ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांची हयात गेली.
कंपनीचं नाव त्यांनी बघितलंच नाही.
जॅकेट उलटं केलं, चष्मा कपाळावर सारला,
शिवणीवरून अंगठा फिरवला
भाकरीचा काठ चाचपावा तसा.
"पानी कपडे में से नई आता, बेटा.
टाक्यातून येतं.
सुईनं पाडलेल्या भोकाला
कुणीतरी रात्रभर जागायला पाहिजे."
निळ्याच्या खांद्यावर, सॅकचा पट्टा जिथं घासणार
तिथलं पट्टीचं टोक नखानं उचललं.
"हे बघ. हितं."

परतूरची आम्रपाली गेल्या वर्षी
दोरावर माझ्यामागं होती.
चार तास, बर्फ आणि पाऊस एकत्रच.
भिजलेला माणूस आधी बोलायचा थांबतो,
उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
ती अखंड बडबडणारी.
गप्प झाली
आणि मला वाटलं, दमली असेल.
तिच्या दोन बोटांची टोकं आता नाहीत.
फोनवर हसते, हिशेबाला आठ बास की.
तिचं जॅकेट मी पसंत केलं होतं.
रंग छान होता.

घरी दिवा घालवून, हातमोजे चढवून
चेन शोधली. सापडली.
खिसे हार्नेसच्या वर, हात थेट जातात.
हेल्मेटवरून टोपी ओढली:
निळी, मान वळवली की डोळ्यांवर येते,
नारिंगी माझ्याबरोबर वळते.
दोनशेवीस ग्रॅम जास्त.
एक मोठा पेरू, फार तर.

नवव्या रात्री दीडला नळ आले.
गल्लीभर मोटारी घरघरल्या.
टाकी, पिंपं, शेवटचं पातेलंसुद्धा भरल्यावर
मी नारिंगी घालून अंगणात उभी राहिले,
लेबल बाहीत दुमडून.
"ओत," म्हटलं.
आईनं तांब्या उचलला, थांबली,
घमेलं आणून माझ्या पायांशी सरकवलं,
मग ओतला.
पाण्याच्या गोळ्या झाल्या,
दंडावरून कोपरावर, कोपरावरून घमेल्यात.
सकाळी फरशी पुसायला होईल.

"कोरडी हायेस का?"

मी बाहीच्या आत बोट घालून बघत होते,
लगेच बोलले नाही.
आईनं तांब्या खाली ठेवला.

"बोल की गं."